उन्हाळी प्रकल्पाची निवड : मुक्त चित्रसॉफ्टवेअरच्या संदर्भात

महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने सुटीच्या दिवसांत घरी किंवा वसतिगृहात बसून जगभर वापरल्या जाणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये भर घालावी, अनुभवी माणसांनी त्याला मार्गदर्शन करावे, कामाबद्दल मानधन मिळावे आणि ते काम पुढे कोणालाही विनामूल्य वापरता यावे, अशी सोय आज उपलब्ध आहे. २००५ साली गूगल कंपनीने ‘समर ऑफ कोड’ या नावाने ती सुरू केली. तेव्हापासून वीस हजारांहून अधिक तरुण या वाटेने गेले आहेत आणि गेली अनेक वर्षे त्यांत भारतीयांची संख्या मोठी आहे.

आपल्या विद्यालयातून बाहेर पडून अभियांत्रिकी, तंत्रनिकेतन किंवा संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमास गेलेल्या मुलामुलींनी या वाटेचा गंभीरपणे विचार करावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी संगणक आला तो आपल्यापासूनच. नोकरीसाठी शब्द टाकणारे नातलग आपल्याकडे नसतात आणि महाविद्यालयाचे नावही पुष्कळदा कोणी ऐकलेले नसते. येथे निवड होते ती मुख्यतः आपण लिहिलेल्या प्रस्तावावरून आणि आधी करून दाखविलेल्या कामावरून. शिवाय केलेले काम सर्वांसमोर उघडे राहते. कोणत्या दिवशी कोणी कोणती ओळ लिहिली, हे दहा वर्षांनीही पाहता येते. ज्याच्याजवळ शिफारसपत्र नाही, त्याच्यासाठी ही नोंदच शिफारसपत्र ठरते.

परंतु ही संधी हातात येणे आणि तिचे सार्थक होणे यांत अंतर आहे. बुद्धी आणि कष्ट असूनही काम वाया जाऊ शकते आणि त्याचे मूळ बहुधा प्रकल्पाच्या निवडीत असते. म्हणून आमचे म्हणणे आरंभीच सांगतो. प्रकल्प किती मोठा किंवा किती आकर्षक आहे, हा पहिला प्रश्न नव्हे. उन्हाळा संपल्यावर ते काम मूळ सॉफ्टवेअरमध्ये सामावले जाईल काय आणि त्यानंतर ते कोण सांभाळील, हा पहिला प्रश्न आहे.

मुक्त चित्रसॉफ्टवेअर म्हणजे काय

सॉफ्टवेअरचा मूळ कोड वाचण्याचा, बदलण्याचा आणि बदललेली प्रत इतरांना देण्याचा अधिकार ज्याच्या परवान्यातच दिलेला असतो, त्यास मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. चित्रकामासाठी अशी चार सॉफ्टवेअरे विशेष प्रसिद्ध आहेत. गिम्प हे छायाचित्रे सुधारण्यासाठी व बिंदुचित्रांसाठी आहे. बिंदुचित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांच्या जाळीने बनलेले चित्र. ते फार मोठे केले की ठिपके दिसू लागतात. इंकस्केप हे रेषाचित्रांसाठी आहे. तेथे चित्र ठिपक्यांनी नव्हे, तर रेषा आणि वक्रांच्या गणिती वर्णनाने साठविले जाते, त्यामुळे बोधचिन्ह बिल्ल्यावर छापा अथवा भिंतीएवढ्या फलकावर, त्याची कड तितकीच रेखीव राहते. क्रिता हे हाताने चित्र काढणाऱ्यांसाठी, तर ब्लेंडर हे त्रिमिती आकृत्या व चलच्चित्रांसाठी आहे. २०२५ साली सर्वोत्कृष्ट चलच्चित्राचे ऑस्कर मिळविणारा ‘फ्लो’ हा लाटवियन चित्रपट ब्लेंडरमध्येच तयार झाला.

यांतील गिम्पचा जन्मच विद्यार्थ्यांच्या हातून झाला. १९९५ साली अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोघांनी ते लिहावयास घेतले. पडद्यावरील खिडक्या, बटणे व यादी दाखविण्यासाठी त्यांना सुरुवातीस दुसऱ्याच्या मालकीच्या साधनसंचावर अवलंबून राहावे लागत होते; तेव्हा त्यांनी स्वतःचाच साधनसंच लिहिला. ‘जीटीके’ या नावाचा तो संच पुढे गिम्पपुरता राहिला नाही. लिनक्सवरील ग्नोम हे सबंध कार्यपटल त्यावर उभे राहिले. शिक्षण संपवून ते दोघे नोकरीस लागले, तेव्हा गिम्पचे काम काही काळ मंदावले. पण कोड खुला असल्यामुळे इतरांनी ते उचलले आणि १९९८ मध्ये गिम्पची १.० आवृत्ती प्रसिद्ध झाली. काम करणारा निघून गेल्यावरही काम जिवंत राहावे, अशी तजवीज या परवान्यात आहे. मात्र ती आपोआप घडत नाही. मागे राहिलेल्या माणसांना ते काम समजावे लागते आणि ते हवेसेही वाटावे लागते.

कार्यक्रमाचे स्वरूप

समर ऑफ कोडमध्ये तीन पक्ष असतात. एक, मानधन देणारी कंपनी. दुसरा, सॉफ्टवेअर घडविणारी संस्था व तिचे मार्गदर्शक. तिसरा, काम करणारा सहभागी. साधारणतः फेब्रुवारीत त्या वर्षीच्या संस्थांची यादी जाहीर होते, मार्चच्या उत्तरार्धापासून प्रस्ताव स्वीकारले जातात आणि मे महिन्यात निवड कळते. त्यानंतरचे काही आठवडे परस्परपरिचयाचे असतात व मग प्रत्यक्ष काम सुरू होते. मधे एक आणि अखेरीस एक अशी दोन मूल्यमापने होतात. ती उत्तीर्ण झाल्यावरच मानधनाचे हप्ते मिळतात. मानधनाची रक्कम सहभागी कोणत्या देशात राहतो आणि प्रकल्प किती तासांचा आहे, यावर ठरते.

सहभागीचे वय किमान १८ वर्षे असावे लागते. पूर्वी ही सोय केवळ विद्यार्थ्यांसाठी होती. २०२२ पासून या क्षेत्रात नवख्या असलेल्या इतरांसाठीही ती खुली झाली आहे. प्रकल्प सुमारे ९०, १७५ किंवा ३५० तासांचे असतात. नेहमीचा कालावधी १२ आठवड्यांचा धरला, तर ३५० तासांच्या प्रकल्पास आठवड्याला सुमारे २९ तास, १७५ तासांच्या प्रकल्पास सुमारे १५ तास आणि ९० तासांच्या प्रकल्पास साडेसात तास द्यावे लागतात. हा हिशेब कागदावर मांडूनच पुढे जावे. हा ‘उन्हाळा’ युरोप-अमेरिकेचा आहे. आपल्याकडे त्या दिवसांत विद्यापीठाच्या परीक्षा असतात, मृगाच्या पावसानंतर गावाकडे पेरणीची घाई असते आणि जुलैत नवे सत्र सुरू होते. घरच्या शेतात हात लावावा लागणाऱ्या मुलाने ३५० तासांचा प्रकल्प घेऊन दोन्हीकडे ओढाताण करून घेण्यापेक्षा १७५ तासांचा प्रकल्प घेऊन तो नीट पुरा करावा, हे अधिक शहाणपणाचे.

आणखी दोन वाटा माहीत असाव्यात. आपापल्या देशाच्या तंत्रज्ञान क्षेत्रात ज्या समाजघटकांना पुरेसे स्थान मिळालेले नाही आणि ज्यांना भेदभाव सोसावा लागतो, त्यांच्यासाठी ‘आउटरीची’ हा सशुल्क नव्हे, तर समानधन उमेदवारीचा कार्यक्रम वर्षातून दोनदा होतो. त्याच्या अर्जात आपल्या वाटेतील अडथळ्यांविषयी लिहावयाचे असते. आपल्या मुलामुलींनी ते लिहिताना संकोच करू नये. खरे ते सरळ लिहावे. क्रिता ज्या केडीई समूहात मोडते, त्याचा ‘सीझन ऑफ केडीई’ हा कार्यक्रम मानधनाविना असतो, पण अनुभवासाठी चांगला असतो. यांपैकी कोठेही प्रवेश शुल्क नाही. ‘निवड करवून देतो’ म्हणून कोणी पैसे मागितले, तर तो फसवीत आहे असे निश्चित समजावे.

पूर्वीचे प्रकल्प काय सांगतात

निवड कशी करावी हे उपदेशाने कळण्यापेक्षा झालेल्या कामांवरून अधिक कळते. म्हणून काही खरी उदाहरणे पाहू.

छायाचित्रातील डाग किंवा ओरखडा आजूबाजूच्या पोताशी मिळवून घालविणारे ‘हीलिंग’ साधन गिम्पमध्ये २००६ च्या उन्हाळ्यातील विद्यार्थी-प्रकल्पातून आले आणि ऑक्टोबर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.४ आवृत्तीत ते सर्वांच्या हाती पडले. इंकस्केपमधील त्रिमिती खोक्याचे साधन २००७ च्या उन्हाळ्यात तयार झाले. मार्च २००८ च्या ०.४६ आवृत्तीत ते समाविष्ट होते. दोन्ही साधनांचे उद्दिष्ट एका वाक्यात सांगता येते. दोन्ही मूळ सॉफ्टवेअरच्या एका कोपऱ्यात बसतात. त्यांच्यासाठी सबंध घर पाडावे लागत नाही.

गिम्पमध्येच चित्राभोवती पिंजरा आखून, पिंजऱ्याचे कोपरे हलवून आकृती वाकविण्याचे एक साधन आहे. ते २०१० च्या उन्हाळ्यातले. त्यामागील गणित २००८ साली संशोधन-निबंधाच्या रूपाने प्रसिद्ध झालेले होते. विद्यार्थ्याला गणित शोधावयाचे नव्हते. प्रसिद्ध झालेले गणित समजून घेऊन वापरण्याजोगे करावयाचे होते. मे २०१२ मध्ये आलेल्या २.८ आवृत्तीत ते साधन दिसू लागले.

आता याच्या पुढच्या वर्षीचे उदाहरण पाहा. २०११ च्या उन्हाळ्यात गिम्पसाठी कुंचल्याने चित्र ढकलून वाकविण्याचे ‘वॉर्प’ साधन लिहिले गेले. काम उपयोगी होते, करणाराही सक्षम होता. तरी सामान्य वापरकर्त्याच्या हाती ते पडले २०१८ साली, २.१० आवृत्तीबरोबर, म्हणजे सात वर्षांनी. त्या काळात गिम्पचे आतले इंजिन बदलण्याचे मोठे काम चालू होते. ‘जेगल’ नावाच्या नव्या इंजिनावर सगळा डोलारा हलविल्याशिवाय पुढची आवृत्ती काढता येत नव्हती आणि नवी साधने त्या नव्या पायावर उभी होती. पाया तयार होईपर्यंत त्यांना थांबावे लागले. यात विद्यार्थ्याचा दोष नाही. पण निवड करणाऱ्याने आपले काम कोणत्या पायावर उभे राहणार आणि तो पाया भरून झाला आहे की अजून खोदाई चालू आहे, हे आधी विचारावे, एवढा बोध यातून मिळतो.

ब्लेंडरमधील ‘फ्रीस्टाइल’ची कथाही अशीच आहे. त्रिमिती दृश्याचे रेखाटनासारखे चित्र काढून देणारे हे साधन मुळात फ्रान्समधील संशोधनातून आलेले स्वतंत्र सॉफ्टवेअर होते. ते ब्लेंडरमध्ये आणण्याचे काम २००८ च्या उन्हाळ्यात सुरू झाले आणि मुख्य सॉफ्टवेअरमध्ये ते सामील झाले २०१३ साली, २.६७ आवृत्तीत. मधली पाच वर्षे ते वेगळ्या शाखेत वाढत होते. उन्हाळा संपल्यानंतरही ते हाती धरणारी माणसे होती, म्हणून ते तगले. अशी माणसे नसती, तर तो कोड एका कोपऱ्यात पडून राहिला असता.

शेवटचे उदाहरण मोठ्या स्वप्नांविषयीचे आहे. मूळ चित्र जसेच्या तसे ठेवून त्यावरचे संस्कार केव्हाही बदलता यावेत, ही गिम्प वापरणाऱ्यांची फार जुनी मागणी. जेगल इंजिनाचे काम २००० साली सुरू झाले, ते मुख्यतः याच दिशेने. ही सोय वापरकर्त्यांना खऱ्या अर्थाने मिळाली मार्च २०२५ मध्ये, गिम्पच्या ३.० आवृत्तीत. पंचवीस वर्षांचे आणि अनेक हातांचे हे काम. अशा कामाचा एक चिरा आपण बसवू शकतो. मात्र ‘संपूर्ण इमारत मी तीन महिन्यांत बांधीन’ असा प्रस्ताव कोणी लिहिला, तर वाचणाऱ्यास एवढेच कळते की लिहिणाऱ्याने इमारत नीट पाहिलेली नाही.

निवडीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

या उदाहरणांवरून आम्ही काही प्रश्न काढले आहेत. प्रकल्प निश्चित करण्यापूर्वी प्रत्येकाने त्यांची लेखी उत्तरे द्यावीत.

पहिला प्रश्न : हे काम कोणाला हवे आहे? प्रत्येक मुक्त सॉफ्टवेअरची त्रुटी व मागण्यांची सार्वजनिक नोंदवही असते. तीत आपल्या विषयाची तक्रार कितीजणांनी, किती वर्षांपासून केली आहे, ते वाचावे. जुनी तक्रार अजून सुटलेली नसेल, तर ती का सुटली नाही, हेही तेथेच वाचावयास मिळते. कधी वेळ नसतो, कधी माणूस नसतो. तर कधी जाणत्या माणसांनी विचारपूर्वक नकार दिलेला असतो. नकार दिलेल्या गोष्टीवर उन्हाळा घालविणे व्यर्थ होय.

दुसरा प्रश्न : मार्गदर्शक कोण? संस्थेच्या कल्पना-यादीत नाव असणे पुरेसे नाही. त्या भागाचा कोड ज्याला ठाऊक आहे आणि जो त्या महिन्यांत उपलब्ध आहे, असा माणूस हवा. त्याला आधीच दोन नेमके प्रश्न विचारून पाहावेत. मार्गदर्शकही बहुधा आपला फावला वेळ देणारा स्वयंसेवक असतो, हे ध्यानात ठेवून विनयाने, पण स्पष्ट लिहावे.

तिसरा प्रश्न : अर्धे काम झाले, तर त्या अर्ध्याचा उपयोग होईल काय? चांगला प्रकल्प जिन्यासारखा असतो. चौथ्या पायरीवर थांबावे लागले, तरी चार पायऱ्या चढून झालेल्या असतात. कमानीसारखा प्रकल्प घेऊ नये. तीत शेवटचा दगड बसेपर्यंत काहीच उभे राहत नाही. आजारपण, परीक्षा, वीज, घरची अडचण यांतले काहीही मधे येऊ शकते.

चौथा प्रश्न : मला यातले आज काय येते? गिम्प मुख्यतः सी भाषेत, इंकस्केप व क्रिता सी प्लस प्लस भाषेत लिहिलेले आहे. ब्लेंडरमध्ये सी, सी प्लस प्लस आणि पायथन या तिन्ही भाषा आहेत. रंगांच्या कामास रेषीय बीजगणित लागते, वक्रांच्या कामास बहुपदी आणि कलनशास्त्र लागते. भाषा दोन महिन्यांत शिकता येते. गणिताचा पाया तेवढ्या वेळात भरता येत नाही. ज्याचे गणित पक्के आहे, त्याने वक्रांकडे जावे. ज्याला चित्रकलेची जाण आहे, त्याने चित्रकाराला ज्या साधनाशी झगडावे लागते, ते साधन घ्यावे.

पाचवा प्रश्न : माझ्यानंतर हे कोण सांभाळणार? साधा, थोडका, नोंदी व चाचण्या असलेला कोड इतरजण सांभाळतात. फार चतुराईने लिहिलेला कोड लिहिणारा गेल्यावर अनाथ होतो. त्याहून चांगले उत्तर म्हणजे, ‘पुढील वर्षभर आठवड्यातून दोन तास मी सांभाळीन,’ हे. पण जे पाळता येईल तेवढेच लिहावे.

देवनागरीचे उदाहरण

हे प्रश्न प्रत्यक्षात कसे लावावेत, हे पाहण्यासाठी आपल्या जवळचा विषय घेऊ. जयंतीचे फलक, संमेलनाच्या निमंत्रणपत्रिका, प्रमाणपत्रे यांची मांडणी आपल्याकडील मुले संगणकावर करतात. मथळा ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांमधील अंतर वाढविले, की देवनागरीची शिरोरेषा तुटते आणि शब्द एकसंध न दिसता सुटी अक्षरे ओळीने मांडल्यासारखी दिसतात. रोमन लिपीत अक्षरे मुळातच सुटी असल्यामुळे तेथे ही अडचण येत नाही. ती पहिल्यांदा दिसते आपल्यालाच.

यावर काम करावयाचे, तर आधी अडचण नेमकी कोठे आहे, हे शोधावे लागेल. देवनागरी मजकूर पडद्यावर येईपर्यंत अनेक टप्प्यांतून जातो. संगणक ‘कि’ हे अक्षर साठविताना आधी ‘क’ आणि मग वेलांटी साठवितो. दाखविताना मात्र वेलांटी ‘क’च्या आधी यावी लागते. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा ‘ऱ’ मराठीत आडव्या वळणाने येतो, तर ‘सूर्य’ मध्ये तोच उच्चार रफाराच्या रूपाने डोक्यावर बसतो. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून निराळे असतात व योग्य टंक असल्यास भाषेनुसार ते बदलता येतात. ही सारी जुळणी ‘हार्फबझ’ नावाचे मुक्त स्रोत इंजिन टंकातील नियम वाचून करते. त्यावर ‘पँगो’ हे ओळींची मांडणी करते. आणि त्यानंतर गिम्प अथवा इंकस्केप यांचे मजकूर-साधन कामास लागते. दोष टंकात आहे, जुळणीत आहे, मांडणीत आहे की साधनात, हे न ठरविता ‘इंकस्केपमध्ये देवनागरी सुधारणे’ असा प्रस्ताव लिहिणे म्हणजे तापाचे कारण न पाहता औषध देणे होय.

म्हणून असा विद्यार्थी प्रथम चाचणीचा संच तयार करील. रफार, अर्धा ऱ, जोडाक्षरे, अनुस्वारासह वेलांटी असलेले पन्नास-साठ मराठी शब्द. दोन-तीन मुक्त टंक. आणि प्रत्येक शब्द अपेक्षेप्रमाणे कसा दिसावा, याचे चित्र. हा संच पहिली पायरी. पुढची सोय झाली नाही, तरी तो संच सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या तपासणीत कायम उपयोगी पडेल. दुसरी पायरी म्हणजे अंतर कोठे वाढविले जाते आणि जोडाक्षराच्या आत ते घुसते काय, याचा शोध व दुरुस्ती. तिसरी पायरी म्हणजे वाढलेल्या अंतरात शिरोरेषा लांबविण्याची सोय. ही अवघड आहे आणि मार्गदर्शकांशी चर्चा करूनच घ्यावी. चौथ्या भागात काय करणार नाही, ते स्पष्ट लिहावे : नवा टंक बनविणार नाही, इतर लिप्यांना हात लावणार नाही. ‘करणार नाही’ची यादी असलेला प्रस्ताव वाचणाऱ्याचा विश्वास मिळवितो.

सॉफ्टवेअरच्या आज्ञांचे मराठी भाषांतर करणे हेही मोलाचे काम आहे. मात्र समर ऑफ कोडमध्ये निव्वळ भाषांतराचे किंवा निव्वळ माहितीपुस्तिकेचे प्रकल्प चालत नाहीत. कोड लिहावाच लागतो. भाषांतराकडे त्या समूहाशी ओळख करून घेण्याची पहिली पायरी म्हणून पाहावे.

तयारी केव्हापासून

मार्चमध्ये जागे होऊन उपयोग नाही. दिवाळीच्या सुटीत एक सॉफ्टवेअर निवडावे आणि ते आधी वापरावे. चित्रसॉफ्टवेअर कधी मनापासून न वापरता त्यात सुधारणा सुचविणे अवघड. त्यानंतर मूळ कोड उतरवून तो आपल्या संगणकावर बांधून पाहावा. गिम्पसाठी आधी ‘बॅबल’ व ‘जेगल’ हे दोन संच बांधावे लागतात; पहिल्या खेपेस अडचणी येतात, वेळ जातो, ते स्वाभाविक आहे. जुन्या संगणकावर हे जड जात असेल, तर पायथनमधील लहान जोडण्यांपासून आरंभ करावा. इंकस्केपच्या विस्तारांसाठी किंवा ब्लेंडरच्या पूरक जोडण्यांसाठी सबंध सॉफ्टवेअर बांधण्याची गरज पडत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत एक-दोन लहान त्रुटी दुरुस्त करून पाठवाव्यात. आपल्या दुरुस्तीवर जाणकारांनी काढलेल्या चुका हा अपमान नसून शिकवणी आहे. दुरुस्ती स्वीकारली गेली, की प्रस्तावात लिहिण्याजोगी पहिली खरी ओळ आपल्याला मिळते.

एखादी संस्था दर वर्षी यादीत असतेच असे नाही. म्हणून आवडत्या सॉफ्टवेअरचे नाव न दिसल्यास निराश न होता त्याच्याशी संबंधित दुसरी संस्था पाहावी. एकाला तीन प्रस्ताव देता येतात. तरीही तीन वरवरच्या प्रस्तावांपेक्षा एक खोल प्रस्ताव अधिक चांगला. प्रस्तावाची इंग्रजी साधी असली तरी चालते. अलंकारिक इंग्रजीसाठी दुसऱ्याकडून अथवा यंत्राकडून मजकूर लिहवून घेऊ नये. मार्गदर्शकाने त्यावर दोन प्रश्न विचारताच लिहिणाऱ्याची समज उघडी पडते. लहान वाक्ये, नेमके शब्द आणि आठवड्यांचा प्रामाणिक हिशेब, एवढे पुरे.

नववी-दहावीतील मुलांनी वयाची अट पाहून हे आपल्यासाठी नाही, असे समजू नये. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये त्रुटी कळविण्यास, भाषांतर करण्यास किंवा कोड वाचण्यास अठरा वर्षे पूर्ण होण्याची वाट पाहावी लागत नाही. शाळेच्या संगणक कक्षात गिम्प आणि इंकस्केप विनामूल्य बसविता येते. आपल्याच फलकाची मांडणी करताना जेथे अडखळलात, ती जागा वहीत टिपून ठेवा : काय करीत होता, काय घडावयास हवे होते आणि प्रत्यक्षात काय घडले. चांगली त्रुटी-नोंद याच तीन ओळींची असते.

ज्यांचा प्रस्ताव पहिल्या वर्षी निवडला जाणार नाही, त्यांची संख्या निवडल्या गेलेल्यांहून नेहमीच मोठी असणार. अशा वेळी वरील पाच प्रश्नांची वही पुन्हा उघडावी. प्रकल्प योग्य रीतीने निवडलेला असेल, तर त्याची गरज निवड-यादीवर अवलंबून नसते. शिरोरेषा अजून तुटतच असेल. तो चाचणीचा संच मानधनाशिवायही पाठविता येतो आणि पुढील वर्षीच्या प्रस्तावात तोच सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. आपल्या विद्यालयातील एखाद्या मुलीने लिहिलेल्या चार ओळींमुळे जगातल्या कोणत्याही संगणकावर मराठी शब्द सरळ व अखंड दिसू लागला, तर ती ओळ कोणत्या आडनावाच्या हाताने लिहिली, हे संगणक विचारणार नाही. ती ओळ बरोबर आहे की नाही, एवढेच तो पाहील.